सातपुड्याचे अरण्य आणि बाजारपेठेचा तराजू

म्हसावद म्हटले की खानदेशातील पुष्कळांना जळगाव आणि पाचोरा यांच्या दरम्यानचे रेल्वेस्थानक आठवते. त्याच नावाचे दुसरे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे. तेथे रेल्वे नाही. शहाद्याहून धडगाव आणि तोरणमाळकडे जाणारी वाट या भागातून डोंगर चढू लागते. मागे वळून पाहावे तर तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापूस, ऊस, केळी आणि पपईचे मळे. समोर पाहावे तर निळसर डोंगरांची भिंत. सपाटीचा बाजार जेथे संपतो आणि डोंगराची वाट जेथे सुरू होते, अशा उंबरठ्यावर हे गाव वसले आहे.

या उंबरठ्यावरून शतकानुशतके दोन प्रवाह वाहत आले. डोंगरातून खाली आले ते सागाचे लाकूड, मोहाची फुले, चारोळी, डिंक आणि आमचूर. खालून वर गेले ते मीठ, गूळ, कापड, भांडी आणि कर्जाचे कागद. नंदुरबार जिल्ह्याचा खरा इतिहास या देवघेवीत दडलेला आहे. व्यापारी कुटुंबांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यातील काही पाने पेढीवरच लिहिली गेली आहेत.

जुनी नगरे, जुने मार्ग

जिल्हा म्हणून नंदुरबारचे वय फार नाही. दि. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुडा आणि दक्षिणेकडे तापीचे खोरे, अशी त्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांचा हा प्रदेश आहे. भिल्ली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली, गुजराती आणि मराठी अशा अनेक भाषा एकाच आठवडे बाजारात कानी पडतात.

भूमी मात्र फार पुरातन आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. हेच प्रकाशा आज ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. मोगल काळात नंदुरबार हे एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. १६६० मध्ये फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए याने या शहराच्या समृद्धीची नोंद केली आणि १६६६ मध्ये इंग्रजांनी येथे आपली वखार घातली. सुरतेच्या बंदराकडे जाणारा माल या परिसरातून जात असे, म्हणूनच परदेशी व्यापाऱ्यांनाही हे ठिकाण मोलाचे वाटले.

जैन परंपरेलाही सातपुडा परका नाही. याच पर्वताच्या कुशीत, आजच्या मध्य प्रदेशातील बडवाणीजवळ, बावनगजा येथे भगवान आदिनाथांची ८४ फूट उंचीची मूर्ती डोंगराच्या अंगातच कोरलेली आहे. तोरणमाळच्या दक्षिण अंगाला असलेल्या पार्श्वनाथांच्या स्थानाचा उल्लेख जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये सापडतो. ज्या अरण्यात साधकांनी एकांत शोधला, त्याच अरण्यातून पुढे गाड्या भरभरून लाकूड खाली उतरले.

अरण्य कसे ओसरले

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. त्यापूर्वीच्या अनेक वर्षांच्या लुटालुटीने आणि दुष्काळाने गावे ओस पडली होती, शेतांत झाडी माजली होती. डोंगरातील भिल्ल नायकांनी नवी सत्ता सहजासहजी मानली नाही. प्रारंभी बळाचा वापर झाला. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल तरुणांचीच एक पलटण उभारली. लढणाऱ्यांना गणवेश आणि वेतन मिळाले, शेती करू इच्छिणाऱ्यांना नांगर-बैलांसाठी तगाई मिळाली. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने प्रदेश ‘शांत’ झाला.

शांततेबरोबर मोजणी आली. जमिनीची पाहणी झाली, सारा ठरला, मालकीच्या नोंदी झाल्या. जंगलाचीही मोजणी झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या सीमा आखल्या. कालपर्यंत जे रान देवाचे आणि गावाचे होते, ते सरकारजमा झाले. सरपणाची मोळी, घरासाठी वासे, गुरांसाठी चारा यांकरिता परवानगी लागू लागली. आदिवासी माणूस आपल्याच अंगणात आगंतुक ठरला.

मोठ्या प्रमाणावरील लाकूडतोड मात्र परवान्याने चालूच राहिली. त्या काळात तळोदे हे संपूर्ण खानदेशातील इमारती लाकडाची प्रमुख पेठ होती. तेथे बनलेल्या बैलगाड्या खानदेशात उत्तम मानल्या जात. रोशा गवतापासून, म्हणजेच तिखाडीपासून, काढलेल्या सुगंधी तेलाचाही मोठा व्यापार तळोदे आणि नंदुरबार येथे चाले. सांधेदुखीवर ते तेल वापरले जाई. पुढे १९०० च्या सुमारास सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबारमार्गे खानदेशात धावू लागली आणि लाकूड, कापूस, धान्य यांना दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. त्याच सुमारास विक्रम संवत १९५६ चा भीषण ‘छप्पन्या’ दुष्काळ पडला होता. मारवाड-गुजरातेतून आलेल्या अनेक कुटुंबांच्या स्मृतीत तो आजही आहे. खानदेशातही त्याने माणसे आणि गुरे यांचा बळी घेतला. ज्याच्याजवळ धान्य होते त्याच्याकडे गहाण ठेवण्यासाठी गरिबाकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जमीन.

अशा रीतीने अरण्य दोन बाजूंनी ओसरले. डोंगरावर ते कुऱ्हाडीने तुटले आणि पायथ्याशी नांगराने मागे सरले. शहादा-तळोद्याची सपाटी एकेकाळी दाट झाडीची आणि हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती. मेहनती शेतकऱ्यांनी ती साफ करून सोन्यासारखी पिकवली, हे सत्य आहे. त्याच सपाटीवरील अनेक भिल्ल कुटुंबे आपल्या जमिनीवरून उठून त्याच शेतांत सालदार म्हणून राबू लागली, हेही तितकेच सत्य आहे.

वहीतील ओळ

जमीन एका दिवसात जात नसे. आधी पेरणीसाठी मूठभर बियाणे उसने घेतले जाई. लग्नासाठी, आजारपणासाठी, सरकारी साऱ्यासाठी थोडे पैसे लागत. घेणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसे. देणाऱ्याची वही तेवढी बोलत असे. व्याजावर व्याज चढे. इंग्रजी अमलातील न्यायालय कागद पाहून निकाल देई आणि कागदावर अंगठा असे. कायद्याच्या दृष्टीने सारे व्यवस्थित असूनही एक पिढी जमिनीवरून उतरून जाई. सावकारी कोणा एका जातीची वा धर्माची नव्हती. ज्याच्या हाती रोकड आणि लेखणी होती, तो सावकार झाला. तथापि खानदेशातील वाणी, मारवाडी आणि गुजराती पेढ्याही त्या व्यवस्थेचा भाग होत्या, हे नाकारता येत नाही.

या ठिकाणी जैन आचारशास्त्र फार जवळचे वाटू लागते. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल विकत घेणे, चोराला साह्य करणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे. जंगलाच्या व्यापारात हे पाचही मोह पावलोपावली उभे असतात. रात्री उतरलेला विनापरवाना साग स्वस्तात घेणे, मोहफुले घेताना जड माप आणि मीठ देताना हलके माप लावणे, हे त्या सूत्रांचे जिवंत भाष्यच होय.

याहून पुढे जाऊन शास्त्रकारांनी पंधरा कर्मादाने, म्हणजे विशेष हिंसेमुळे श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय, सांगितली. त्यांतील पहिली दोन म्हणजे अंगारकर्म आणि वनकर्म. कोळशाच्या भट्ट्या लावणे आणि वने तोडून विकणे हे व्यवसाय श्रावकाला वर्ज्य ठरवले गेले. पर्यावरण हा शब्दही रूढ नव्हता, तेव्हा झाडातील, मातीतील आणि पाण्यातील जीव ओळखणाऱ्या दृष्टीने हा निषेध केला. प्रतिक्रमणात ही नावे दरवर्षी उच्चारली जातात. नंदुरबारच्या ओसाड टेकड्यांकडे पाहताना त्यांचा अर्थ नव्याने उमगतो.

डोंगरातून उठलेले आवाज

या प्रदेशाने अन्याय मुकाट्याने सोसला, असे समजणे चुकीचे ठरेल. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुला महाराज या भिल्ल संताने आपल्या बांधवांना दारू सोडा, मांस सोडा, स्नान करा, खरे बोला, असा उपदेश केला. त्यांच्या आरतीसाठी दूरदूरच्या पाड्यांतून हजारो लोक जमू लागले. ‘आप’ हा परस्परांना आदर देणारा शब्द या पंथाची ओळख बनला. ज्या समाजाला सर्वांनी ‘अरे-तुरे’ केले, त्याने एकमेकांना ‘आप’ म्हणावे, यात केवढा स्वाभिमान होता! १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले. दारू सुटली तसा दारूसाठी काढलेल्या कर्जाचा फासही सैल झाला. व्यसनमुक्ती ही आर्थिक मुक्तीची पहिली पायरी असते, हे त्या निरक्षर संताने ओळखले होते.

१९४२ मध्ये याच जिल्ह्याच्या मुख्य शहराने आणखी एक आहुती दिली. ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारच्या माणिक चौकात तिरंगा हाती घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे हुतात्मे झाले. शिरीषकुमारचे वय तेव्हा अवघे १५ वर्षांचे होते आणि तो व्यापारी घरातला मुलगा होता. बाजारपेठेच्या गल्लीत वाढलेले मूल गल्ला सोडून देशासाठी उभे राहू शकते, ही या शहराची अभिमानाची आठवण आहे.

स्वातंत्र्य आले, पण शहादा-तळोद्याच्या शेतांतील सालदाराचे दिवस फारसे पालटले नाहीत. १९७० नंतर भिल्ल समाजातील अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि सर्वोदयी कार्यकर्ते यांनी गमावलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहादा येथे भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. किमान मजुरी, सालदारांचे हक्क, बेकायदा बळकावलेल्या जमिनींची परतफेड या मागण्यांसाठी गावोगाव मोर्चे निघाले. भिल्ल स्त्रिया त्यात आघाडीवर होत्या. दारूच्या गुत्त्यांवर जाऊन त्यांनी मडकी फोडली. पुढे १९७४ मध्ये आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने केला. शहाद्यासारख्या ठिकाणी उठलेला आवाज मुंबईपर्यंत पोहोचला होता.

नर्मदेचे पाणी

डोंगराच्या उत्तर अंगाला दुसरेच संकट वाढत होते. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडितक्षेत्रात आली. मणिबेली हे त्यांतील पहिले गाव. नर्मदा बचाव आंदोलनाने येथूनच जगाचे लक्ष वेधले. अनेक कुटुंबांना तळोदा तालुक्यात वसवण्यात आले. त्यासाठी १९९० आणि १९९४ मध्ये मिळून सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. एक अरण्य पाण्याखाली गेले आणि तेथील माणसांना जागा करून देण्यासाठी दुसरे तोडले गेले. विकासाच्या हिशेबात जमेच्या बाजूला वीज आणि पाणी लिहिले गेले; नावेच्या बाजूची बेरीज कोणी पुरी केली नाही.

जे मागे राहिले, त्यांच्या टेकड्या जलाशयाने वेढल्या गेल्या. तेथे आज नौकेतून फिरणारा तरंगता दवाखाना रुग्णांपर्यंत पोहोचतो. आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांत मुले आधी आपल्या बोलीत आणि मग मराठीत शिकली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीवर आणि गावाच्या सामूहिक जंगलावर हक्क सांगण्याची वाट खुली केली. याच जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्यांचे नाव शतकभर केवळ कर्जाच्या वहीत होते, त्यांचे नाव राष्ट्राच्या वहीतही नोंदले गेले.

जे अजून शिल्लक आहे

दुःखाचा इतिहास सांगून या प्रदेशाचे वर्णन पुरे होत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल-मांदळाच्या तालावर पाडेच्या पाडे खाली उतरतात आणि सणाची खरेदी करतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या संस्थानाची राजवाडी होळी पाहण्यासाठी लाखो लोक रात्रभर जागतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, अंगावर भस्माचे ठिपके अशा वेशातील नवसकरी व्रत पाळून नाचतात आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. महाशिवरात्रीला भाविक गुजरातेतील देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेकडे आणि तोरणमाळच्या गोरक्षनाथाकडे जातात. दिवाळीत अस्तंभ्याच्या शिखरावर चिरंजीव अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी यात्रा चढते. भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो आजही या रानात फिरतो, अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो.

डोंगरातील अर्थकारणही पूर्णपणे मेलेले नाही. चैत्र-वैशाखात अक्राणी आणि मोलगी परिसरात घरोघरी गावरान कैऱ्या सोलल्या जातात. त्यांच्या फोडी खडकांवर, खळ्यांत वाळत घातल्या जातात आणि त्यांचे आमचूर होते. वळवाचा पाऊस अवेळी आला की पांढऱ्या फोडी काळवंडतात आणि भाव उतरतो. सारे घर महिनाभर राबते, आणि त्या श्रमाचे मोल अखेर व्यापाऱ्याच्या काट्यावर ठरते. नंदुरबारच्या प्रसिद्ध मिरची बाजारात दिवाळीनंतर मोकळ्या पटांगणांवर लाल मिरचीच्या पथारी पसरतात. मिरचीचा ठसका सोसत वाळवणीचे आणि निवडीचे काम करणारे हात बहुतांशी आदिवासी मजुरांचे असतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. असे असूनही हंगाम सरला की हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, कारण गावातले रान आता वर्षभर पोट भरू शकत नाही.

म्हणूनच या जिल्ह्यात व्यापाऱ्याचे स्थान आजही मोठे आहे. धडगावहून उतरलेली बाई डोक्यावरील आमचुराचे गाठोडे बाजारात टेकवते, तेव्हा तिला बाजारभाव मोबाइलवरही कळू शकतो, काटाही आता विजेवर चालतो. तरीही ती आधी दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने तिला शिकवले आहे की काटा फसवू शकतो आणि माणूसही फसवू शकतो. परंतु एकदा विश्वास बसला की तीच बाई दुसरे दुकान ओलांडून त्याच पायरीवर येते. मुलीच्या लग्नाचे कापड तेथूनच घेते आणि आजारपणात तेथेच सल्ला विचारते. पायथ्याच्या गावांत अशी नातीही आहेत. वही चोख ठेवणारी, व्याजाला मर्यादा पाळणारी, गाठोड्याचे वजन बाईला मोठ्याने वाचून दाखवणारी दुकानेही याच मातीत उभी राहिली आहेत.

सातपुड्यावर पूर्वीचे अरण्य जसेच्या तसे परतणार नाही. मात्र तोडणे थांबले तर सागाच्या जुन्या बुंध्याला पहिल्याच पावसात धुमारे फुटतात, हे डोंगरातील प्रत्येकजण जाणतो. माणसांतील विश्वासाचेही तसेच असते. मूळ जिवंत असेल तर पालवी फुटते. म्हसावदच्या उंबरठ्यावरून डोंगराकडे पाहणाऱ्या व्यापाऱ्याने पूर्वजांच्या वहीतील प्रत्येक ओळीचे ओझे वाहावे असे नाही. परंतु आपल्या वहीत आज लिहिली जाणारी ओळ खरी असावी, एवढी काळजी त्याला नक्कीच घेता येते.